ताबा आणि नोंद: गोपनीय यंत्रांच्या वाढत्या मेमरीविषयी

भोकर तालुक्यात जमिनीचा एखादा व्यवहार ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. खरेदीखत झालं, पैसे मोजले, पेढे वाटले, तरी बरंच काही व्हायचं बाकी असतं. तलाठी गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नाव चढतं. शिवाय घेणारा स्वतः बांधावर उभा राहून चतुःसीमा पाहतो आणि ताबा घेतो. माझे आजोबा म्हणायचे, देणाऱ्यानं दिलं हे अर्धं काम. आपण बघून घेतलं आणि कागदावर आलं, म्हणजे वावर आपलं.

हे पुस्तक जमिनीचं नाही, संगणकाच्या मेमरीचं आहे. चालू यंत्राला, ते बंद न करता, जास्तीची मेमरी जोडणं किंवा जोडलेली काढून घेणं याला हॉटप्लग म्हणतात. जिथे यंत्राच्या मालकावरच भाडेकरूचा विश्वास नसतो, अशा ‘कॉन्फिडेन्शिअल कॉम्प्युटिंग’च्या जगात हे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलनं कसं करावं, हा पुस्तकाचा विषय. तो समजून घेताना मला वारंवार आठवला तो गाव नमुना सहा. म्हणून या प्रस्तावनेत त्याचा आधार घेतो आहे, आणि तो आधार कुठे सुटतो तेही पुढे सांगणार आहे.

आधी साध्या मेमरीपासून सुरुवात करू. कर्नेल मेमरीकडे चार किलोबाइटच्या पानांच्या रूपात पाहतं. एका गिगाबाइटमध्ये अशी 2,62,144 पानं असतात. प्रत्येक पान कोणाकडे आहे, मोकळं आहे की वापरात, हलवता येईल की नाही, याची नोंद लिनक्स साधारण 64 बाइटांत ठेवतं. म्हणजे एका गिगाबाइटच्या नुसत्या नोंदवहीला 16 मेगाबाइट लागतात. नवी मेमरी आली की आधी तिच्यासाठी ही वही तयार करावी लागते. म्हणून लिनक्समध्ये हॉटप्लगचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात मेमरी ‘जोडली’ जाते: पत्ता ठरतो, नोंदी उघडतात. दुसऱ्यात ती ‘ऑनलाइन’ होते, म्हणजे वाटपासाठी खुली होते. नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर हे काम 128 मेगाबाइटच्या तुकड्यांनी चालतं; मोठ्या यंत्रांवर तुकडा दोन गिगाबाइटपर्यंत जातो.

काढून घेणं मात्र नेहमीच अवघड राहिलं आहे. एखाद्या तुकड्यात कर्नेलचं स्वतःचं एखादं हलवता न येणारं पान जाऊन बसलं, की तो अख्खा तुकडा अडतो. त्यावर उपाय म्हणून ‘हलवता येणाऱ्या’ पानांचा वेगळा विभाग राखण्याची पद्धत आली. लिनक्समध्ये मेमरी जोडण्याची सोय 2005 च्या सुमारास आली, तर काढण्याची सोय 2008 च्या सुरुवातीला. हे अंतर बोलकं आहे.

या विद्येचा जन्म मोठ्या यंत्रांच्या घरातला. बँका आणि विमा कंपन्यांची यंत्रं बंद ठेवणं परवडत नसे. बिघडत चाललेला मेमरीचा बोर्ड यंत्र चालू असतानाच बदलता यावा, ही मूळ गरज होती. पुढे एका लोखंडी यंत्रात अनेक आभासी यंत्रं नांदू लागली आणि गरज बदलली. आता प्रश्न बोर्ड बदलण्याचा नव्हता; एकाकडची रिकामी मेमरी दुसऱ्याला कशी द्यायची, हा होता. 2002 साली कार्ल वाल्डस्पर्गर यांनी व्हीएमवेअरच्या संदर्भात ‘बलून’ची युक्ती मांडली. गेस्टच्या, म्हणजे आभासी यंत्राच्या, आत एक फुगा फुगवायचा. त्यानं व्यापलेली पानं गेस्ट वापरत नाही, म्हणून होस्टला, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्राला, ती परत घेता येतात. नंतर खऱ्या मेमरीच्या काडीची नक्कल करणारी आभासी काडी आली; आभासी यंत्रं चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये ती 2014 साली रुजली. 2020 साली लिनक्स 5.8 बरोबर डेव्हिड हिल्डेनब्रँड यांचं ‘व्हर्टआयओ-मेम’ आलं. त्यात बलूनची लवचीकता आणि हॉटप्लगची शिस्त यांची सांगड होती: मेमरी लहान लहान ठोकळ्यांनी वाढवता येते, कमीही करता येते.

या सगळ्या परंपरेखाली एक समजूत होती आणि ती कोणी बोलून दाखवत नसे, कारण गरजच वाटत नसे. खालचा थर जे सांगेल ते खरं. हा खालचा थर, म्हणजे आभासी यंत्रं चालवणारा हायपरव्हायझर, म्हणाला, अमुक पत्त्यावर एक गिगाबाइट आली, की कर्नेल वही उघडून मोकळं होई. पाटलानं सांगितलं आणि गावानं ऐकलं, असा तो काळ.

कॉन्फिडेन्शिअल कॉम्प्युटिंगनं ही समजूत मोडली. साठवलेली माहिती कुलूपबंद करता येते, प्रवासातली करता येते. पण वापरात असताना ती मेमरीत उघडी पडते आणि यंत्राचा मालक ती वाचू शकतो. हे थांबवण्यासाठी प्रोसेसरलाच राखणदार करायचं, ही मूळ कल्पना. एएमडीनं 2016 मध्ये ‘एसईव्ही’ जाहीर केलं आणि 2017 च्या एपिक प्रोसेसरांत ते आलं. प्रत्येक गेस्टची मेमरी वेगळ्या किल्लीनं कुलूपबंद, आणि किल्ली हायपरव्हायझरच्या हाती नाही.

पण कुलूप पुरेसं नव्हतं. 2018 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ‘सेव्हर्ड’ नावाचा हल्ला दाखवला. हायपरव्हायझरला पानं वाचता येत नसली, तरी कोणता पत्ता कोणत्या पानाकडे जातो हे ठरवणं त्याच्याच हाती होतं. त्यानं पत्त्यांची अदलाबदल केली. गेस्टमधला वेब सर्व्हर आपलं नेहमीचं पान समजून भलतंच पान उलगडून बाहेर देत राहिला. कुलूप न तोडता माहिती गेली, कारण चतुःसीमा बदलल्या होत्या. गटाचे नंबर हलवून दुसऱ्याचं वावर विकण्याचीच ही तऱ्हा.

त्याचं उत्तर 2020 साली मांडलेल्या ‘एसईव्ही-एसएनपी’मध्ये आहे, आणि मला फेरफार आठवला तो इथेच. नेहमीची पत्त्यांची कोष्टकं गेस्टच्या पत्त्यावरून पान सांगतात, जसा आठ-अ चा उतारा खातेदारावरून जमीन सांगतो. एसएनपीनं उलटं कोष्टक आणलं: पानावरून मालक सांगणारं, म्हणजे सातबारा. त्याला आरएमपी म्हणतात. प्रत्येक चार किलोबाइटच्या पानासाठी 16 बाइटांची नोंद: हे पान कोणत्या गेस्टचं, त्याच्या कोणत्या पत्त्यावरचं, आणि त्या गेस्टनं ते स्वीकारलं आहे का. पान बहाल करण्याची नोंद हायपरव्हायझर करतो, पण ‘स्वीकारलं’ हा शिक्का फक्त गेस्ट मारू शकतो, ‘पीव्हॅलिडेट’ नावाच्या सूचनेनं. हायपरव्हायझरनं नंतर त्या नोंदीला हात लावला, की शिक्का आपोआप पुसला जातो आणि गेस्टनं त्या पानाला स्पर्श करताच प्रोसेसर त्याला थांबवतो.

इंटेलनं ‘टीडीएक्स’मध्ये वेगळी वाट धरली. तिथे कोष्टक सांभाळतं ते प्रोसेसरच्या संरक्षणाखाली चालणारं एक छोटं, स्वाक्षरीनं प्रमाणित सॉफ्टवेअर. होस्ट पान पुढे करतो, गेस्ट ते स्वीकारतो, आणि स्वीकारताना ते पान शून्यांनी पुसलं जातं. 2021 मध्ये जाहीर झालेल्या आर्मच्या ‘सीसीए’ आराखड्यातही मेमरीच्या कणाकणाची मालकी सांगणारं कोष्टक आहे. तपशील वेगळे असले तरी तिन्ही घराण्यांचा गाभा एक आहे: देणं आणि घेणं या दोन वेगळ्या कृती आहेत आणि त्या दोन वेगळ्या हातांनीच व्हायला हव्यात.

आता हॉटप्लगकडे परत येऊ. यंत्र सुरू होताना किती मेमरी आहे हे ठरलेलं असतं, पण ती सगळी तेव्हाच स्वीकारायची तर शेकडो गिगाबाइटच्या गेस्टला सुरू व्हायलाच फार वेळ लागतो. म्हणून 2021 च्या यूईएफआय 2.9 या मानकात ‘न स्वीकारलेली मेमरी’ असा नवा प्रकार आला आणि ऑगस्ट 2023 च्या लिनक्स 6.5 मध्ये त्याला आधार मिळाला. कर्नेल सुरुवातीला थोडीच मेमरी स्वीकारतं आणि बाकीची लागेल तशी. काय स्वीकारायचं राहिलं आहे हे एका बिटमॅपमध्ये टिपलेलं असतं: दोन मेगाबाइटला एक बिट. चार किलोबाइटच्या एका पानावर 64 गिगाबाइटचा हिशेब मावतो.

हा बिटमॅप कर्नेल पुरतं जागं होण्याआधी, त्या वेळी माहीत असलेल्या मेमरीपुरता आखला जातो. तासाभरानं हॉटप्लगनं आलेली मेमरी त्याच्या काठाबाहेर पडते. जुन्या सवयीनं चालणारं कर्नेल तिची पानांची वही उघडेल, तिला ऑनलाइन करेल आणि पहिल्याच स्पर्शाला कोसळेल, कारण ती कोणी स्वीकारलेलीच नाही. नाव चढलं, ताबा नाही. या वरवर लहान दिसणाऱ्या फटीत या पुस्तकातले बहुतेक प्रश्न आहेत.

उत्तरं शोधणाऱ्यांचे ढोबळमानानं चार पंथ दिसतात. पहिला म्हणतो, हॉटप्लग नकोच. गेस्टला लागेल तेवढी मेमरी आधीच द्या आणि दार बंद करा. काटा कंटेनर्सच्या गोपनीय प्रकारात हेच केलं जातं: साध्या प्रकारात कंटेनर वाढला की मेमरी जोडता येते, गोपनीय प्रकारात आकार आधीच ठरवला जातो. दुसरा पंथ म्हणतो, जोडताक्षणी सगळी स्वीकारा. हे सरळ आहे, तपासायला सोपं आहे, पण मोठा तुकडा आला की गेस्ट थबकतो. तिसरा म्हणतो, बिटमॅप वाढवता येण्याजोगा करा आणि नवी मेमरीही लागेल तशी स्वीकारा. यात वेळ वाचतो, पण बिटमॅप वाढवताना कर्नेलच्या आतली कुलपं (लॉक) कोणत्या क्रमानं लावायची, आणि कोसळल्यावर उठणाऱ्या दुसऱ्या कर्नेलला काय स्वीकारलं होतं हे कसं कळवायचं, हे प्रश्न उभे राहतात. चौथा पंथ चतुर आहे. तो म्हणतो, गेस्टला सुरुवातीलाच मोठा आकार सांगा, पण होस्टनं खरं पान द्यावं ते गेस्ट स्वीकारेल तेव्हाच. म्हणजे वाढ हॉटप्लगशिवायच साधते. आकसणं मात्र त्यात साधत नाही.

आणि आकसणं हाच या विषयाचा कठीण अर्धा भाग आहे. गेस्टनं मेमरी परत केली, होस्टनं ती घेतली आणि काही वेळानं त्याच पत्त्यावर पुन्हा दिली, तर गेस्टनं काय करावं? परत करताना त्यानं आपला शिक्का स्वतः मागे घेतला नसेल आणि तशी नोंद ठेवली नसेल, तर त्याला दोन प्रसंग वेगळे ओळखता येणार नाहीत: नवं पान प्रामाणिकपणे आलं, की वापरातलं पान कोणी मागच्या मागे बदललं. म्हणून या क्षेत्रातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा आहे: एकदा स्वीकारलेलं पान, आपण स्वतः सोडल्याशिवाय, पुन्हा कधीही स्वीकारायचं नाही. अडचण आली म्हणून दुसऱ्यांदा शिक्का मारणारं कर्नेल हल्लेखोराचं काम स्वतःच्या हातानं पुरं करतं. प्रोसेसर त्याला थांबवतो, पण ‘असू दे, घेतो’ म्हणायची मुभा कर्नेलकडेच असते.

बांधाच्या कडेलाही गुंता आहे. लिनक्समध्ये वेग वाढवण्यासाठी केलेलं एक वाचन आठ बाइट एकदम उचलतं आणि कधी कधी पानाच्या टोकापलीकडे एक पाऊल टाकतं. पलीकडचं पान न स्वीकारलेलं असेल, तर टीडीएक्समध्ये तेवढ्यानंही गेस्ट मरू शकतो. म्हणून कर्नेल गरजेपेक्षा दोन मेगाबाइट पुढचं स्वीकारून ठेवतं. हॉटप्लगच्या तुकड्याला जिथे काठ असतो, तिथे हा विचार पुन्हा करावा लागतो.

होस्टच्या बाजूचे प्रश्न वेगळे आहेत. आरएमपीचं कोष्टक यंत्र सुरू होतानाच राखलं जातं. त्यानं न व्यापलेली मेमरी गोपनीय गेस्टला देता येत नाही. टीडीएक्स तर असं गृहीत धरतं की त्याच्या कामी येणारी मेमरी यंत्र चालू असेपर्यंत जागची हलणार नाही. नंतर आलेली, त्याच्या यादीत नसलेली मेमरी ऑनलाइन करायला होस्टचं लिनक्स नकार देतं. इतकी सावधगिरी का, याचं उत्तर डिसेंबर 2024 मध्ये उजेडात आलेल्या ‘बॅडरॅम’ हल्ल्यानं दिलं. मेमरीच्या काडीवर स्वतःचा आकार सांगणारी एक लहानशी चिप असते. ती फिरवून काडीनं आपण दुप्पट आहोत असं सांगितलं, की एकाच खऱ्या जागेला दोन पत्ते मिळतात आणि एसएनपीच्या राखणदारीला बगल देता येते. एएमडीनं त्यावर फर्मवेअरमधून उपाय दिला. एकच वावर दोन गटांच्या नावानं कागदावर आलं, तर तलाठी कितीही प्रामाणिक असला तरी काय करणार?

इथे आधाराची मर्यादा सांगायला हवी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. वाद कोर्टात जातो, पुरावे येतात. मराठवाड्यात तर अजूनही 1954 च्या आसपासचं खासरा पाहणी पत्रक काढून जुनी वहिवाट दाखवावी लागते. आरएमपीत अपील नाही. प्रत्येक स्पर्शाला प्रोसेसर नोंद पाहतो आणि तिथल्या तिथे निकाल देतो. दुसरा फरक असा की ही सगळी व्यवस्था गोपनीयता आणि अखंडता राखते, उपलब्धता राखत नाही. होस्टनं मेमरी दिलीच नाही किंवा गेस्टच बंद केला, तर त्यावर इथे उपाय नाही. शेत कोणी लुबाडणार नाही याची हमी आहे, पाणी सोडलं जाईल याची नाही. हा फरक न समजल्यामुळे नवशिके या तंत्राकडून नको त्या अपेक्षा ठेवतात.

हे सगळं आज आणि आपल्याकडे का महत्त्वाचं आहे? 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपली जमीन, आपलं शरीर, आपलं खातं यांची माहिती आता कोणाच्या तरी मोठ्या यंत्रांत, अनेकदा तिसऱ्याच्या मालकीच्या यंत्रांत, वापरात असते. तिथे ‘मालक चांगला आहे’ एवढ्यावर विसंबणं बरं नाही.

दुसरी बाजू खर्चाची. पीकविम्याच्या अखेरच्या दिवशी सेवा केंद्रापुढे लागलेली रांग आपल्या भागात सगळ्यांनी पाहिली आहे. अशा सेवांवरचा भार वर्षभर सारखा नसतो. तो काही दिवसांत, काही तासांत उसळतो. साध्या आभासी यंत्रांत रिकामी मेमरी दुसऱ्याला देता येते, सारखी पानं एकत्र ठेवता येतात. गोपनीय यंत्रांत प्रत्येकाची पानं वेगळ्या किल्लीत असल्यानं तशी काटकसर होत नाही. मग त्या एका दिवसासाठी वर्षभर मेमरी अडकवून ठेवायची, की गोपनीयता सोडायची? हॉटप्लग नीट जमलं, तर ही निवड करावी लागणार नाही. सुरक्षितता महाग राहिली की ती फक्त श्रीमंत संस्थांना मिळते. मला या विषयाची ओढ आहे ती यामुळे.

या पुस्तकात काय आहे, ते थोडक्यात. ते कोणत्याही एका प्रोसेसरची हस्तपुस्तिका नाही आणि कर्नेलच्या ओळींचं भाषांतरही नाही. चार प्रश्न हातात घेऊन ते सगळ्या घराण्यांतून फिरतं: मेमरी आली हे कोण सांगतो? ती खरी आहे हे कोण तपासतो? स्वीकाराची नोंद कोणाकडे राहते? आणि परत करताना ती नोंद कशी मिटते? साधं हॉटप्लग आधी पुरतं समजावं यासाठी पुस्तकानं बराच वेळ दिला आहे. कारण गोपनीय यंत्रांतल्या बहुतेक चुका साध्या हॉटप्लगच्या अर्धवट समजुतीतून येतात, असा माझा अनुभव आहे. जिथे पद्धती अजून ठरायच्या आहेत, तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि माझा कल कुठे आहे तेही लपवलेलं नाही.

भाषेविषयी एक शब्द. मेमरी, कर्नेल, होस्ट, गेस्ट हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण आपण बोलताना तेच बोलतो. पण ‘स्वीकार’, ‘ताबा’, ‘नोंद’, ‘बांध’, ‘परत करणं’ हे शब्द जाणूनबुजून आपले घेतले. नांदेडच्या श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजात शिकणारी, दहावीपर्यंत मराठीतून आलेली मुलं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांना हा विषय परका वाटतो तो अवघड असल्यामुळे नाही. तो त्यांच्या भाषेत कोणी त्यांच्यापुढे ठेवलाच नाही.

त्यांना एक विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्या साध्या लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये एक लहानसं लिनक्स चालू करा आणि ते चालू असतानाच त्याला आणखी 128 मेगाबाइट जोडा. सिस-एफएसमधल्या मेमरीच्या फोल्डरात एक नवा तुकडा दिसेल. त्याची अवस्था ‘ऑफलाइन’वरून ‘ऑनलाइन’ करा. काम एका ओळीचं आहे. ते केल्यावर क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: हा तुकडा खरंच आला, हे आत्ता मला कोणी सांगितलं? ते उत्तर वहीत लिहून ठेवा आणि पुस्तक संपल्यावर पुन्हा वाचा.

भोकर, जि. नांदेड